वस्तू की वचन? : इस्लामी आणि पारंपरिक बँकांचे मत्ता-व्यवस्थापन

बँकेचा ताळेबंद वाचताना सामान्य ग्राहकाची दृष्टी बहुधा ठेवींच्या आकड्यावर खिळते. त्या ठेवींचे पुढे काय झाले, हे मात्र ताळेबंदाची दुसरी बाजू, म्हणजे मत्तेची बाजू, सांगत असते. हाती असलेली रोख, मध्यवर्ती बँकेकडील शिल्लक, सरकारी रोखे आणि या सर्वांहून मोठा असा कर्जांचा आकडा तेथे मांडलेला असतो. बारकाईने पाहिले तर यांतील बहुतेक मत्ता म्हणजे कोणी ना कोणी दिलेली वचने होत. घर कर्जदाराचे असते, यंत्र कर्जदाराचे असते, ट्रॅक्टरही त्याच्याच अंगणात उभा असतो. बँकेच्या मालकीचे असते ते परतफेडीचे वचन. तारण त्या वचनाची पाठराखण करते, एवढेच.

इस्लामी बँकेची अडचण आणि तिचे वैशिष्ट्य येथूनच सुरू होते. इस्लामी धर्मशास्त्रात 'रिबा', म्हणजे कर्जाऊ रकमेवर ठरवून घेतलेली वाढ, निषिद्ध आहे. पैसा दिला म्हणून अधिक पैसा मागता येत नाही. नफा मिळवायचा तर बँकेने एखादी वस्तू विकावी, भाड्याने द्यावी अथवा धंद्यात भागीदार व्हावे. प्रत्येक लाभाच्या समोर काहीतरी खरे मोल उभे असावे, या तत्त्वाला अरबीत 'इवज' असे म्हणतात. मराठीतील 'ऐवज' आणि 'ऐवजी' हे शब्द त्याच मुळापासून आलेले आहेत. तेव्हा या बँकेच्या ताळेबंदात केवळ वचन असून भागत नाही. त्या वचनामागे, क्षणभर का होईना, बँकेच्या स्वतःच्या मालकीचा ऐवज असावा लागतो.

आधुनिक काळातील असा पहिला प्रसिद्ध प्रयोग इजिप्तमधील मित घम्र या गावी १९६३ मध्ये अहमद अल-नज्जार यांनी केला. जर्मनीतील बचत बँकांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. तो प्रयोग काही वर्षांतच थांबला. त्याच १९६३ साली मलेशियात हज यात्रेसाठी बचत करणाऱ्यांची संस्था उभी राहिली व ती 'ताबुंग हाजी' या नावाने आजही कार्यरत आहे. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक आणि जेद्दाची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक सुरू झाली. १९८३ मध्ये 'बँक इस्लाम मलेशिया' आली. पुढे १९९३ पासून मलेशियातील पारंपरिक बँकांनाही व्याजमुक्त व्यवहाराची खिडकी उघडण्याची मुभा मिळाली. एकाच मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली, एकाच बाजारपेठेत, एकाच ग्राहकासमोर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात, म्हणून तुलनेसाठी मलेशियासारखा दुसरा देश नाही.

क्षणभराची मालकी

केडाह हा मलेशियाचा भातपिकाचा प्रांत. तेथील एका भातगिरणीच्या मालकाला एक लाख रिंगिटचे यंत्र घ्यावयाचे आहे, असे समजू. पारंपरिक बँक त्याला एक लाख कर्ज देईल, यंत्र नजरगहाण ठेवून घेईल आणि ठरलेल्या दराने व्याज आकारील. यंत्र कोणते, कोणी विकले, कोणत्या दिवशी पोहोचले, या गोष्टींना तारणापुरते महत्त्व असते.

इस्लामी बँक 'मुराबहा' करील. म्हणजे ते यंत्र ती स्वतः एक लाखाला विकत घेईल आणि आपला नफा उघड सांगून गिरणीमालकाला एक लाख वीस हजारांना, समजा तीन हजारांच्या चाळीस हप्त्यांवर, विकील. गिरणीमालकाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. हप्ता तो हप्ताच. बँकेच्या दृष्टीने मात्र खरेदी आणि विक्री यांमधील काळात यंत्र तिचे असते. त्या काळात ते जळाले, तर नुकसान बँकेचे. ग्राहकाने ऐन वेळी नकार दिला, तर भाताचे यंत्र पदरी घेऊन बसण्याची पाळी बँकेवर. म्हणून ग्राहकाकडून आधी खरेदीचे वचन घेतले जाते आणि पुष्कळदा आपल्याकडील इसाऱ्यासारखी काही रक्कमही. व्यवहारात बहुतेक बँका ग्राहकालाच आपला खरेदी-प्रतिनिधी नेमतात आणि ही मालकी काही तासांवर, कधी काही मिनिटांवर आणून ठेवतात. टीकाकार म्हणतात, हे व्याजाला घातलेले विक्रीचे अंगरखे आहे. टीका अगदी निराधार नाही. तथापि ती काही मिनिटेही कायद्याच्या दृष्टीने पोकळ नसतात, हे पुढे दिसेल.

'इजारा' या प्रकारात मालकी टिकून राहते. मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने देण्याच्या रीतीमुळे तो पुरता बदनाम झालेला आहे. बँकिंगमधील इजारा हा मात्र साधा भाडेकरार होय. विमान, जहाज, इमारत बँकेच्या नावे राहते आणि ग्राहक भाडे भरतो. मोठी दुरुस्ती व विम्याचा भार मालक म्हणून बँकेवर येतो. वस्तू नष्ट झाली तर भाडेही थांबते. कर्जावरील व्याज अशा रीतीने थांबत नाही. गृहवित्तासाठी 'घटती भागीदारी' रूढ आहे. घरात बँकेचा नव्वद टक्के व ग्राहकाचा दहा टक्के वाटा असेल, तर ग्राहक बँकेच्या वाट्याचे भाडे देतो आणि हळूहळू तो वाटा विकत घेत जातो.

या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना आरंभी अभिप्रेत होती ती खरी भागीदारी : 'मुदारबा', ज्यात भांडवल एकाचे व श्रम दुसऱ्याचे, आणि 'मुशारका', ज्यात भांडवल दोघांचे. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटावयाचा, तोटा भांडवलाच्या प्रमाणात सोसावयाचा. प्रत्यक्षात बँकांच्या मत्तेत विक्रीवर आधारलेल्या करारांचेच पारडे कायम जड राहिले. कारण समजण्यास अवघड नाही. ज्याच्या धंद्यात नफा-तोटा वाटून घ्यावयाचा, त्याच्या वह्या रोज पाहाव्या लागतात. आणि दोन वह्या ठेवणारा व्यापारी कोठे नसतो? शिवाय ठेवीदार सकाळी पैसे मागावयास आला, तर त्याला 'भागीदारीचा हिशोब वर्षअखेरीस होईल' असे सांगता येत नाही.

नऊ लाख ब्याण्णव हजारांचे घर

क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयात २००६ मध्ये एका प्रकरणाचा निकाल लागला. त्यातून हा सर्व विषय जितका स्पष्ट होतो, तितका तो पाठ्यपुस्तकांतून क्वचितच होतो. एका बँकेने ग्राहकाला घरासाठी सुमारे ३ लाख ९४ हजार रिंगिटचे वित्त दिले होते. पद्धत उधारीच्या विक्रीची, मुदत पंचवीस वर्षांची. पंचवीस वर्षांचा नफा आधीच मिळवून घराची विक्री-किंमत सुमारे ९ लाख ९२ हजार रिंगिट ठरली. ग्राहकाने सुमारे ३३ हजार भरले आणि हप्ते थांबले. बँकेने दावा लावला तो जवळजवळ ९ लाख ५९ हजारांचा.

बँकेचा युक्तिवाद तर्काला धरून होता. ही विक्री आहे, किंमत एकदा ठरली की ठरली, उरलेली किंमत द्या. पारंपरिक गृहकर्ज असते तर थकबाकीदाराकडून उरलेले मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचे व्याज मागितले गेले असते. पुढील वीस-बावीस वर्षांचे व्याज कोणी मागितले नसते. म्हणजे व्याज टाळण्यासाठी योजलेल्या पद्धतीत कर्जदार व्याजाच्या कर्जापेक्षाही अधिक अडचणीत सापडला होता. जी मुदत अद्याप उलटलेलीच नाही तिच्यावरील नफा बँकेला मागता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे २००८ मध्ये याच न्यायालयाने अशा विक्री-करारांच्या खरेपणावरच प्रश्नचिन्ह लावले. २००९ मध्ये अपील न्यायालयाने ते मत फिरविले. अखेर २०११ मध्ये बँक नेगारा मलेशिया या मध्यवर्ती बँकेने मुदतीपूर्वी खाते मिटविणाऱ्यास 'इब्रा', म्हणजे न कमावलेल्या नफ्याची सूट, देणे करारातच बंधनकारक केले. तोपर्यंत ही सूट बँकेच्या मर्जीवर अवलंबून असे.

मत्ता-व्यवस्थापनाच्या दृष्टीने येथे विचारावयाचा प्रश्न असा की, त्या घरापोटी बँकेच्या पुस्तकात मत्ता किती होती? ३ लाख ९४ हजार की ९ लाख ९२ हजार? हिशोबाची योग्य रीत अशी की येणे पूर्ण दाखवावे आणि त्यातून न कमावलेला नफा वजा करावा. नफा काळाबरोबर थोडा थोडा जमेस धरावा. पण ग्राहकासमोर धरलेला करार आणि हिशोबाच्या वहीतील नोंद यांत अंतर पडले, की काय होते, हे या प्रकरणाने दाखविले.

ठरलेल्या किमतीचे आणखी एक दुखणे आहे. पारंपरिक बँक तरत्या दराने कर्ज देते. बाजारातील दर चढले तर कर्जाचाही दर चढतो आणि वाढलेल्या ठेवदराची भरपाई होते. मुराबह्याची किंमत मात्र सही झाल्यानंतर वाढविता येत नाही. वीस वर्षांची मत्ता एका दरावर गोठलेली आणि ठेवी मात्र बारा महिन्यांच्या. यावर मलेशियातील बँकांनी तोड काढली ती अशी : करारात विक्री-किंमत मुद्दाम उंच ठेवावयाची आणि बाजारदरानुसार दर महिन्याला सूट कमी-अधिक करावयाची. परिणाम तरत्या दरासारखाच. भाड्याच्या करारात तर भाडे सरळ बाजारातील व्याजदर-निर्देशांकाशी जोडले जाते. २०२३ मध्ये डॉलरचा लायबॉर दर बंद होईपर्यंत जगभरातील इस्लामी करारांत तो आधारदर म्हणून सर्रास येत असे. व्याज न घेणाऱ्याने मोजमापासाठी व्याजाचीच फूटपट्टी वापरावी, याचे अनेकांना नवल वाटते. स्वतःची फूटपट्टी होण्याइतकी स्वतःची बाजारपेठ मोठी नाही, हे त्याचे खरे उत्तर होय.

थकबाकी

शाखेतील वसुली-अधिकाऱ्यास सर्वांत मोठा फरक जाणवेल तो येथे. पारंपरिक कर्जात हप्ता चुकला की थकलेल्या रकमेवर व्याज चढते, दंडही लागतो आणि कर्ज फुगत जाते. अडचणीतील कर्जदाराला नवे कर्ज देऊन जुने खाते नियमित दाखविण्याचा मोह बँकांना होतो. त्याचे परिणाम भारतीय बँकिंगने पुरेसे भोगलेले आहेत. मुराबह्यात एक लाख वीस हजारांचे येणे एक लाख वीस हजारच राहते. मुदत वाढविली म्हणून किंमत वाढविता येत नाही. विलंबशुल्क आकारले तर ते बँकेने उत्पन्नात न धरता धर्मादाय कामाकडे वळवावे लागते. मलेशियात प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरती भरपाई घेण्याची मुभा आहे.

कर्जदाराला हे दिलासा देणारे आहे, यात शंका नाही. पण दोन बँकांचे देणे एकाच वेळी थकले आणि हाती एकाच हप्त्याचे पैसे असले, तर माणूस कोणाचा हप्ता आधी भरील? ज्याचे व्याज चढते त्याचा. त्यामुळे ग्राहकाची पारख आणि तारण यांवर इस्लामी बँकेला आधीच अधिक भर द्यावा लागतो. बुडीत येणी सवलतीने दुसऱ्यास विकून मोकळे होण्याचा मार्गही तिला अरुंद आहे. कारण पैशाचे येणे कमी पैशात विकणे बहुतेक धर्मशास्त्रज्ञांना मान्य नाही.

याच बंधनाचा एक लाभ २००८ मध्ये दिसला. अमेरिकी गृहकर्जांची येणी एकत्र बांधून विकलेल्या ज्या रोख्यांनी मोठमोठ्या बँका हादरल्या, ते रोखे इस्लामी बँकांच्या पुस्तकांत नव्हते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१० मधील अभ्यासात २००८ साली या बँका तुलनेने स्थिर राहिल्याचे आढळले. पण त्यानंतरच्या वर्षी, संकट जमीनजुमल्यापर्यंत पोहोचल्यावर, काही देशांत त्यांचा नफा पारंपरिक बँकांपेक्षा अधिक घसरला. वस्तूवर आधारलेल्या बँकेला वस्तूची किंमत पडली की लागणारच.

शिल्लक रोख कोठे ठेवावी?

कर्जे ही मत्तेची ठळक बाजू. बँकेचा जीव मात्र उरलेल्या रोखीच्या व्यवस्थेत असतो. पारंपरिक बँकेचा कोष-विभाग संध्याकाळी शिल्लक राहिलेला पैसा एका रात्रीसाठी दुसऱ्या बँकेस व्याजाने देतो, सरकारी रोख्यांत गुंतवितो. निकड पडल्यास तेच रोखे तारण ठेवून मध्यवर्ती बँकेकडून पैसा उचलतो. यांतील प्रत्येक पायरी व्याजाची आहे. इस्लामी बँकेला एकही पायरी उपलब्ध नाही.

याचा अर्थ काय होतो, ते तुर्कस्तानात २००१ मध्ये दिसले. तेथे व्याजमुक्त व्यवहार करणाऱ्या 'विशेष वित्तसंस्था' होत्या आणि 'इहलास फिनान्स' ही त्यांतील एक मोठी संस्था. नोव्हेंबर २००० पासून तुर्की बँकांवर अरिष्ट कोसळले आणि ठेवीदारांनी पैसे काढण्यासाठी रांगा लावल्या. इहलासचा पैसा दीर्घ मुदतीच्या व्यवहारांत अडकलेला होता, चटकन मोडता येतील असे रोखे जवळ नव्हते आणि तिच्या ठेवींना तेव्हा ठेव-विम्याचे संरक्षणही नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. घबराट तिच्यासारख्याच इतर संस्थांपर्यंत पोहोचली. अशा अपयशाला एकच कारण नसते. पण मत्ता असूनही रोख नसणे म्हणजे काय, याचा तो धडा होता. २००५ च्या कायद्याने तुर्कस्तानने या संस्थांना 'सहभाग बँका' म्हणून नियमित बँकिंगच्या चौकटीत आणले.

मलेशियाने ही उणीव आधीच ओळखली होती. १९९४ च्या जानेवारीत तेथे इस्लामी बँकांचा आपापसांतील नाणेबाजार सुरू झाला. सरकारी रोख्यांच्या जागी 'सुकूक' आले. २००२ मध्ये मलेशिया सरकारने ६० कोटी डॉलरचे सुकूक जगाच्या बाजारात विकले. त्यांमागे सरकारी रुग्णालये आणि कार्यालये यांचा भाडेकरार होता. धारकाला मिळत होते ते इमारतीचे भाडे. २०१० मध्ये अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून क्वालालंपूर येथे तरलता-व्यवस्थापनासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापिली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तिने ४९ कोटी डॉलरचे तीन महिन्यांचे पहिले सुकूक काढले.

दैनंदिन गरज भागते ती अधिक वेगळ्या मार्गाने. एक बँक बाजारातून धातू रोखीने घेते, दुसऱ्या बँकेला उधारीने चढ्या किमतीस विकते आणि ती दुसरी बँक तोच धातू लगेच रोखीने विकून टाकते. धातू होता तेथेच गोदामात राहतो. एका बँकेला आज रोख मिळते, दुसरीला ठरलेल्या दिवशी अधिक रक्कम. यासाठी पूर्वापार लंडनच्या धातुबाजाराचा आधार घेतला जाई. २००९ मध्ये मलेशियाच्या शेअर बाजाराने याच कामासाठी पामतेलाचा मंच उघडला. त्याच वर्षी शारजा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी धर्मशास्त्र परिषदेने असे आखीव व्यवहार अमान्य ठरविले. मलेशियाचे धर्मशास्त्रज्ञ मात्र ते मान्य करतात. टीकाकारांचा आक्षेप कोठे सर्वांत बळकट असेल, तर तो येथे आहे. या व्यवहारात वस्तू केवळ नावापुरती उरते.

सुकूकमागील इमारत धारकांना खरोखर ताब्यात घेता येते काय, हा प्रश्न दुबईत डिसेंबर २००९ मध्ये ऐरणीवर आला. नखील या बांधकाम कंपनीचे साडेतीन अब्ज डॉलरचे सुकूक फेडण्याची वेळ आली आणि पैसा नव्हता. धारक जमिनीवर हक्क सांगू शकतील की त्यांच्या हाती केवळ कंपनीचे वचन आहे, याचा न्यायालयात कस लागण्यापूर्वीच अबुधाबीने दुबईला मदत केली आणि सुकूक फिटले. प्रश्न मात्र तसाच राहिला.

भारतातील स्थिती

भारतात बँकिंग नियमन कायदा, १९४९ याच्या कलम ८ नुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. तारणाची वसुली करताना होणारी विक्री तेवढी अपवाद. कलम ९ नुसार स्वतःच्या वापराखेरीज अन्य स्थावर मालमत्ता सात वर्षांहून अधिक काळ बाळगता येत नाही. रिझर्व्ह बँक ही मुदत काही काळ वाढवून देऊ शकते. पहिले कलम मुराबह्याच्या मुळावर येते, दुसरे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याच्या. ही कलमे व्याजमुक्त बँकिंगला विरोध म्हणून लिहिलेली नाहीत. ठेवीदारांचा पैसा कापसाच्या गाठींत किंवा जमिनीच्या सट्ट्यात अडकू नये, हा त्यांचा हेतू होता आणि तो आजही योग्यच आहे. कराचीही अडचण आहे. बँकेने घर आधी स्वतः घेऊन मग ग्राहकास विकले, तर मुद्रांक शुल्क दोनदा पडेल. ब्रिटनने ही दुहेरी आकारणी २००३ मध्ये कायदा बदलून दूर केली.

रिझर्व्ह बँकेच्या आनंद सिन्हा कार्यगटाने २००६ मध्ये, विद्यमान कायद्यांत बदल केल्याविना भारतीय बँकांना हे व्यवहार करता येणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. डॉ. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये आर्थिक समावेशनाच्या दृष्टीने व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा, असे सुचविले. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारातील उत्तरात हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय कळविला. बँकिंग व वित्तसेवांच्या व्यापक आणि समान संधी सर्व नागरिकांना उपलब्ध आहेत, हे त्याचे कारण दिले होते.

व्याज टाळू इच्छिणाऱ्या भारतीय गुंतवणूकदारापुढे त्यामुळे बँकेचा नव्हे, तर भांडवल बाजाराचा मार्ग उरतो. मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत शरियतच्या निकषांवर निवडलेल्या कंपन्यांचे निर्देशांक आहेत आणि त्यांच्या धर्तीवर चालणारे मोजके म्युच्युअल फंडही. मद्य, जुगार, व्याजावर चालणारी वित्तसेवा अशा व्यवसायांतील कंपन्या त्यांतून वगळल्या जातात. साहजिकच बँकांचे शेअर त्यांत येत नाहीत. ज्यांच्या डोक्यावर कर्जाचे ओझे अधिक आहे, अशा कंपन्याही गळतात. कर्जाची ही मर्यादा बऱ्याच निर्देशांकांत एक-तृतीयांशाच्या आसपास असते. अशा फंडातील रक्कम ही ठेव नसल्याने ४ फेब्रुवारी २०२० पासून बँक-ठेवींना लागू असलेले पाच लाख रुपयांचे विमा-संरक्षण तिला मिळत नाही. मलेशियातही २०१३ च्या कायद्याने हीच रेषा आखली आहे : मुद्दलाची हमी असलेली इस्लामी ठेव विम्याच्या कक्षेत, आणि नफा-तोट्यात वाटेकरी होणारे गुंतवणूक-खाते विम्याबाहेर. तेथील बँकेत खाते उघडणाऱ्या ग्राहकाला यांपैकी आपण कशावर सही करीत आहोत, हे बँकेने आधी सांगावे लागते.